तिसऱ्या प्रतीची साक्ष

विद्यार्थिमित्रांनो, थोरल्या भावाचे किंवा बहिणीचे जुने पाठ्यपुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वापरले असेल. अशा पुस्तकाची एक गंमत असते. समासात पेन्सिलीने टिपा लिहिलेल्या असतात, एखादे चुकीचे उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहिलेले असते, अवघड शब्दावर सोपा शब्द दिलेला असतो. आता समजा, त्याच पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आहेत, दोन नवे परिच्छेद घातले आहेत. तुम्ही काय कराल? नवे पुस्तक घ्यावे तर त्यात टिपा नाहीत. जुनेच ठेवावे तर त्यातल्या चुका तशाच. मग दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून एकेक टीप उतरवत बसावे लागते. आणि ज्या परिच्छेदावर टीप होती तो परिच्छेदच नव्या आवृत्तीत नसला, तर ती टीप लिहायची कोठे?

हाच पेच शाळा-महाविद्यालयांतील संगणक सांभाळणाऱ्यांपुढे वारंवार उभा राहतो. फरक इतकाच, की तेथे एका पुस्तकाच्या जागी हजारो फाइलींचे सॉफ्टवेअर असते आणि सुधारित आवृत्ती वर्षातून अनेकदा येते.

एक खरे उदाहरण घेऊ. ‘मूडल’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. शिक्षकांनी पाठ ठेवावेत, विद्यार्थ्यांनी गृहपाठ सादर करावेत, चाचण्या द्याव्यात, गुण पाहावेत, अशी सोय असलेली ही प्रणाली. मार्टिन डूगियामास या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी ती पर्थ येथे तयार केली. तिची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. डूगियामास यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील वाळवंटात, शहरांपासून फार दूर असलेल्या एका वस्तीत गेले. त्यांची शाळा भरत असे ती रेडिओवरून! अशा मुलाने पुढे दूर बसून शिकण्याची प्रणाली बनवावी, यात नवल ते काय?

मूडलचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा सारा मजकूर, सर्वांना खुला आहे. ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्यानुसार तो कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा आणि इतरांना द्यावा. अट एवढीच, की बदललेली प्रत दुसऱ्याला देताना त्यालाही हेच स्वातंत्र्य द्यायचे. त्यामुळे एखाद्या शाळेतील हौशी शिक्षक कोड उघडतात आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यात चार ठिकाणी बदल करतात. सगळे छान चालते. आणि मग नवी आवृत्ती येते.

मूडलच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा निघतात, तर लहान दुरुस्त्या साधारण दर दोन महिन्यांनी. “आमचे नीट चालले आहे, आम्हांला नवी नको,” असे म्हणून का बरे चालत नाही? कारण या दुरुस्त्यांत पुष्कळदा सुरक्षिततेची भोके बुजवलेली असतात. येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. कोड खुला असल्यामुळे दुरुस्ती जाहीर झाली, की भोक नेमके कोठे होते हेही जाहीर होते. जुनी व नवी प्रत ताडून पाहिली की कोणाही लबाडाला ते कळते. म्हणजे ज्या दिवशी औषध निघाले त्या दिवसापासून ते न घेणाऱ्याचा धोका वाढला! शाळेच्या संगणकात मुलांची नावे, पत्ते, गुण असतात. तेथे महिनोन्महिने जुनी आवृत्ती चालवणे म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दाराशीच टांगून ठेवण्यासारखे आहे.

बरे, नवी आवृत्ती जुनीवर तशीच उतरवली तर शिक्षकांचे सारे बदल पुसले जातात. मग करावे काय?

दोन प्रती पुरत नाहीत

यासाठी आपण एक लुटुपुटीची फाइल घेऊ. (ही मूडलमधील नव्हे, आपण आपल्या सोयीसाठी रचलेली आहे.) निर्मात्यांनी दिलेल्या मूळ प्रतीत पुढील चार ओळी आहेत :

उत्तीर्णतेची मर्यादा : ५०
दशांश स्थळे : २
वेळ संपल्यावर : उत्तरपत्रिका बंद
तारीख : महिना-दिवस-वर्ष

शाळेने पहिल्या ओळीत ५० चे ३५ केले आणि चौथ्या ओळीत ‘दिवस-महिना-वर्ष’ असे लिहिले. इकडे निर्मात्यांनी नव्या आवृत्तीत दुसऱ्या ओळीतील २ चे १ केले आणि तिसरीत ‘उत्तरपत्रिका आपोआप जमा’ असा बदल केला.

आता शाळेची प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून पाहा. चारही ओळी वेगळ्या! शाळेकडे ३५ आहे, नव्या प्रतीत ५० आहे. यांतला बदल कोणी केला? शाळेने ५० चे ३५ केले, की निर्मात्यांनी ३५ चे ५० केले? केवळ या दोन प्रतींकडे पाहून त्याचे उत्तर कितीही हुशार माणसाला देता येणार नाही, मग यंत्राची काय कथा. येथे तिसऱ्या प्रतीची साक्ष काढावी लागते. ही तिसरी प्रत म्हणजे ज्या मूळ प्रतीपासून दोघेही निघाले ती. तिच्यात ५० आहे. म्हणजे निर्मात्यांनी त्या ओळीला हात लावलेला नाही. बदल शाळेचा, तो ठेवावा. दुसऱ्या ओळीत मूळ प्रत व शाळा यांचे २ जुळतात. म्हणजे बदल निर्मात्यांचा, तोही घ्यावा. अशा रीतीने चारही ओळींचा निवाडा होतो आणि ३५, १, ‘आपोआप जमा’ व ‘दिवस-महिना-वर्ष’ अशी प्रत तयार होते. कोणाचेच काही हरवत नाही. या पद्धतीला त्रिपक्षी मिलाफ म्हणता येईल.

ज्या ओळीत एकानेच बदल केला त्याचे ऐकावे. दोघांनी तोच बदल केला असेल तर प्रश्नच नाही. मात्र दोघांनी एकाच ओळीत निरनिराळे बदल केले, तर यंत्राने निर्णय न करता थांबून माणसाला विचारावे. नियम एवढेच आहेत. प्रत्यक्षातील साधने याहूनही सावध असतात. एकाने पहिली ओळ बदलली आणि दुसऱ्याने तिला लागून असलेली दुसरी, तरीही ती थांबतात, कारण लागून असलेल्या ओळींचा एकमेकींशी संबंध असण्याचा संभव असतो. तेव्हा आपल्या चार ओळींच्या मधे काही न बदललेल्या ओळी आहेत असे समजा, म्हणजे झाले.

वंशावळ ठेवणारे साधन

दोन फाइलींतील फरक संगणकाकडून काढून घेण्याचे काम १९७० नंतरच्या दशकातच, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत साध्य झाले होते. ‘डिफ’ नावाची ती आज्ञावली. फाइलीच्या जुन्या-नव्या अवस्था जपून ठेवणारी एक प्रणालीही तेथेच मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये सुरू केली. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाची आज्ञावली लिहिली. पॅच म्हणजे ठिगळ! नुसत्या फरकांची यादी दिली, की ती दुसऱ्या प्रतीवर ते ठिगळ लावून देते. तिची युक्ती मोठी मार्मिक आहे. ती ओळीच्या क्रमांकावर विसंबून राहत नाही, तर बदललेल्या ओळीच्या मागच्या-पुढच्या काही ओळीही लक्षात घेते. त्यामुळे वर दहा नव्या ओळी आल्या तरी तिला योग्य जागा सापडते. ‘अमक्या दुकानापासून तिसरे घर’ असा पत्ता जसा घरांचे क्रमांक बदलले तरी चुकत नाही, तसेच हे.

आज या कामासाठी सर्वाधिक वापरले जाते ते ‘गिट’. लिनक्स या प्रसिद्ध प्रणालीचे जनक लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले. लिनक्सच्या कामासाठी तोवर वापरात असलेले साधन फुकट मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला!

गिटमध्ये कामाची प्रत्येक टप्प्यावरची अवस्था नोंदवून ठेवतात. या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. प्रत्येक कमिटमध्ये त्या वेळच्या सर्व फाइलींचे चित्र, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, बदलाचे कारण आणि आधीच्या कमिटची खूण असते. या सर्वांवर गणिती क्रिया करून ४० चिन्हांची एक खूण तयार होते. प्रत्येक चिन्ह १६ पैकी एक असल्यामुळे अशा खुणा १६ चा ४० वा घात, म्हणजे १ वर ४८ शून्ये यांहूनही अधिक होऊ शकतात. फाइलीतील एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पार बदलते. आणि प्रत्येक खुणेत आधीची खूण गुंफलेली असल्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलून टाकणे शक्य होत नाही.

आधीच्या कमिटची ही खूण म्हणजेच वंशावळ. दोन चुलतभावांचे समान पूर्वज शोधायचे तर वंशावळीत वर जात जात आजोबांपर्यंत पोहोचायचे. गिट नेमके हेच करते. निर्मात्यांची शाखा आणि शाळेची शाखा जेथून फुटल्या ते कमिट ते स्वतः हुडकून काढते. हीच आपली तिसरी प्रत! मिलाफ झाला की त्याचेही कमिट होते. त्याला दोन पालक असतात. पुढच्या वेळी समान पूर्वज म्हणून जुनी मूळ प्रत न येता या वेळी मिसळून घेतलेली आवृत्ती येते, आणि एकदा मिटलेले भांडण पुन्हा उकरले जात नाही.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बदलाला हात घालण्यापूर्वी मूळ प्रत जशीच्या तशी गिटमध्ये आली पाहिजे. आधी बदल आणि मग नोंद असे केले तर पूर्वजच नाहीसा होतो. कोणी तसे करून बसलेच असेल, तर निर्मात्यांकडून अगदी त्याच आवृत्तीची कोरी प्रत आणून फरक काढावा लागतो. मूडलच्या जुन्या आवृत्त्या गिटमध्येच जपलेल्या असल्याने ते साधते.

दुसरी गोष्ट कमिटसोबतच्या कारणाची. ‘बदल केला’ असे लिहून काय उपयोग? बदल केला हे तर दिसतेच आहे. ‘आपल्याकडे दिवस आधी लिहितात, पालकांचा गोंधळ होत होता, म्हणून तारखेचा क्रम बदलला’ असे लिहावे. याचे महत्त्व केव्हा कळते? समजा, पुढील आवृत्तीत निर्मात्यांनी तारखेच्या ओळीत ‘वर्ष-महिना-दिवस’ असे केले. मूळ एक, शाळेचे दुसरे, नवे तिसरे. गिट थांबते आणि दोन्ही पर्याय फाइलीत खुणा घालून तुमच्यापुढे ठेवते. बदल करणारे शिक्षक एव्हाना बदलून दुसऱ्या गावी गेलेले असतात. अशा वेळी ते एक वाक्यच उपयोगी पडते.

यंत्राला अर्थ कळत नाही

येथवर वाचून तुम्हांला वाटेल, की गिट थांबले नाही म्हणजे सारे ठीक. नाही! गिट ओळी ताडून पाहते, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही. आपल्या फाइलीतील ३५ हा आकडा टक्क्यांचा आहे असे समजा. नव्या आवृत्तीत निर्मात्यांनी दुसऱ्याच एका फाइलीत हिशेबाची रीत बदलली आणि तो आकडा टक्क्यांऐवजी गुण म्हणून वाचायला सुरुवात केली. आपल्या ओळीला त्यांनी हात लावलेला नाही, म्हणून मिलाफ बिनबोभाट होतो. पण ५० गुणांच्या चाचणीत ३० गुण मिळवणारी मुलगी काल ६० टक्क्यांनी उत्तीर्ण होती, ती आज ३५ गुण नाहीत म्हणून अनुत्तीर्ण ठरते! म्हणून मिलाफ झाल्यावर तो लगेच मुलांच्या खऱ्या गुणांवर चालवू नये. निराळ्या संगणकावर, बनावट नावांच्या दहा-बारा विद्यार्थ्यांवर आधी तपासून पाहावा. उत्तीर्णतेच्या अगदी काठावरचे गुण त्यांत अवश्य असावेत.

गिट आणखीही एक गोष्ट करत नाही. ते कोड सांभाळते, पण विद्यार्थ्यांचे गुण व गृहपाठ डेटाबेसमध्ये व वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्यांची प्रत निराळी काढावी लागते. नवी आवृत्ती बसवताना मूडल डेटाबेसची रचनाही बदलते, आणि त्या वाटेने परत येण्याची सोय त्यात नाही. कोड एका आज्ञेत मागे नेता येतो, पण डेटाबेस मागे न्यायचा तर आधी काढून ठेवलेली प्रतच हवी. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल मात्र चुकूनही गिटमध्ये घालू नये. एकदा नोंदलेली गोष्ट इतिहासात राहते, नंतर पुसली तरी मागे जाऊन वाचता येते.

शिक्षकमित्रांना येथे एक स्पष्ट सांगावेसे वाटते. शाळांना हवे असणारे बहुतेक बदल कोडला हात न लावताही होतात. मूडलमध्ये उत्तीर्णतेचे गुण ठरवणे ही साधी सेटिंग आहे. पडद्यावरचे शब्द बदलण्याची सोय व्यवस्थापकाच्या पानावरच आहे. नवे काही हवेच असेल तर ते ‘प्लगइन’ म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिता येते. समासात टिपा कोंबण्याऐवजी वेगळी वही करावी, तसेच हे. बारा ठिकाणी बदललेला कोड वर्षातून सहा वेळा नव्या आवृत्तीशी जुळवायचा म्हणजे बहात्तर तपासण्या झाल्या. बदल दोनच ठेवले तर बारा. आणि एखादा बदल सर्वांच्याच उपयोगाचा असेल तर तो निर्मात्यांकडे पाठवावा. त्यांनी स्वीकारला की तो मूळ प्रतीतच येतो आणि आपल्या मागचे काम संपते.

करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. भूगोलाच्या पुस्तकातील दहा ओळींचा एक उतारा, प्रत्येक ओळ स्वतंत्र, तीन कागदांवर उतरवा. एक कागद पाकिटात बंद करा. उरलेले दोन दोन मित्रांना देऊन प्रत्येकास कोणत्याही तीन ओळींत बदल करावयास सांगा. एकाने दुसऱ्याचे पाहू नये. आधी पाकीट न उघडता दोन्ही कागदांवरून एक उतारा तयार करण्याचा प्रयत्न करा आणि कोठे अडते ते लिहून ठेवा. मग पाकीट उघडा. हे झाले, की ओळीऐवजी शब्द हे एकक धरून तोच मिलाफ पुन्हा करा. अडण्याच्या जागा कमी झाल्या का? आणि तयार झालेली वाक्ये मोठ्याने वाचून पाहा : त्यांतली किती अर्थाला धरून आहेत?