रस्त्याला सैनिकाचे नाव : आकड्यापासून कर्तबगारीपर्यंत

आपल्या भागात रस्त्याला किंवा चौकाला नाव द्यायची वेळ आली की सैनिकाचे नाव पुढे येते, आणि ते यायलाच हवे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाच्या हल्ल्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याने केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दोन जवान गमावले : लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत. त्या दिवसाची आठवण जिल्ह्यात अजून ताजी आहे. पण आठवण टिकवायची कशी, हे शिकायला आपल्याला शंभर वर्षे लागली आहेत आणि ते शिक्षण अजून पुरे झालेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. कोण गेले आणि कोणाच्या घरचा माणूस परतला नाही, याचा पाटीवर पत्ता नाही.

पुढच्या महायुद्धानंतर आकड्याच्या जागी माणूस आला. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या मराठा जवानाचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला आहे. स्वातंत्र्यानंतर रस्ते आणि पूलही आले. मुंबईच्या गोरेगाव भागात जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग आहे, विलेपार्ल्यात कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल आहे. लडाखमध्ये श्योक नदीवरच्या पुलाला २०१९ साली कर्नल चेवांग रिंचेन यांचे नाव दिले गेले, तर २०२३ च्या जानेवारीत अंदमानची २१ बेटे परमवीर चक्र विजेत्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

त्या बेटांपैकी एक मेजर राम राघोबा राणे यांच्या नावाचे आहे. रस्ता आणि सैनिक यांचे नाते सांगायला त्यांच्याइतका चपखल माणूस दुसरा नाही. कारवारजवळच्या चेंडियाचा हा मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये अधिकारी झाला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते, पण शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती आणि पूल उडवले होते. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन साथीदार ठार झाले, ते स्वतःही जखमी झाले. तरी ते मागे गेले नाहीत. एके ठिकाणी तर ते रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधून सरपटत पुढे गेले. चालकाला बांधलेले दोर ओढून रणगाडा कधी थांबवायचा आणि कधी पुढे घ्यायचा, हे ते खालून सांगत होते. वाट मोकळी झाली आणि १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

राणे युद्धातून जिवंत परतले. १९६८ साली निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण गावोगावी नाव द्यायचा विचार बहुतेकदा हौतात्म्यानंतरच होतो. नोकरी पुरी करून शेतीत परतलेला, पारावर बसणारा माजी सैनिक त्या यादीत सहसा येत नाही. त्याच्या सेवेचाही रस्त्यावर हक्क आहे.

उणीव आणखी एक आहे. जुन्या दगडावर आकडा होता, नाव नव्हते. आजच्या फलकांवर नाव असते, पण कर्तबगारी नसते. या माणसाने काय केले, हे शाळेत जाणाऱ्या पोराला कोण सांगणार? आठवण फलकाबरोबर झाडांनीही जपता येते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बागप्रेमी मंडळांनी १९४४ मध्ये सैनिकांच्या सन्मानार्थ एका महामार्गालगत डॉगवुडची सुमारे ८,००० झाडे लावली, आणि त्यातून देशभर स्मृतिमार्गांची परंपरा उभी राहिली. आपल्याकडे तर रस्ते रुंद करताना कडुलिंबांच्या रांगाच्या रांगा गेल्या.

म्हणून ग्रामसभांना विनंती आहे. नावाचा ठराव कराल तेव्हा त्यात तीन गोष्टी लिहून घ्या : फलकावर सैनिकाचे गाव, पलटण आणि त्याने केलेले काम चार ओळींत असावे; त्या टप्प्यावर कडुलिंबाची झाडे लावावीत आणि ती जगवण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवावे; आणि हयात माजी सैनिकांचाही विचार व्हावा. नुसती कोनशिला बसवून मोकळे होऊ नका.