शेवाळातले तेल आणि यकृतातली चरबी

१९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या इंधनात स्वदेशी जैवइंधनाचा थोडासा अंश मिसळलेला होता. पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजचा त्यात मोठा वाटा होता. आता २०२७पासून आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात असे १ टक्का मिश्रण करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. पण कच्चा माल कुठून आणायचा? ऊस म्हटला की जमीन आली, पाणी आले, आणि महाराष्ट्रात या दोन्हींवरून भांडणे काही कमी नाहीत. म्हणून सूक्ष्मशैवालाकडे पुन्हा पुन्हा लक्ष जाते.

सूक्ष्मशैवाल म्हणजे मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णी नव्हे. ती फुले येणारी मोठी वनस्पती. सूक्ष्मशैवाल एकेका पेशीचे, साध्या डोळ्यांना न दिसणारे. साठलेल्या पाण्याला हिरवा रंग येतो तो बहुधा त्याचाच. त्याला सुपीक जमीन लागत नाही, काही जाती खाऱ्या पाण्यात तर काही सांडपाण्यातही वाढतात आणि पोटात तेल साठवतात.

हे तेल बनवण्याचे काम एन्झाइम, म्हणजेच विकरे करतात. सूर्यप्रकाशात बनलेल्या साखरेचे तुकडे होत होत दोन कार्बनचा एक तुकडा उरतो. त्यापुढे अनेक वाटा फुटतात. ‘अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्झिलेज’ हे विकर त्याला आणखी एक कार्बन जोडते आणि तो मेदाम्लाच्या वाटेला लागतो. मग दोन-दोन कार्बनांनी साखळी लांबत १६ किंवा १८ कार्बनांची होते. अशी तीन मेदाम्ले ग्लिसरॉलच्या कण्याला जोडली की झाले तेल. तिसरे, शेवटचे मेदाम्ल जोडणारे प्रमुख विकर म्हणजे ‘डीजीएटी’. तयार झालेल्या पदार्थाचे नाव ट्रायग्लिसराइड, रक्ततपासणीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये असते तेच. आपल्या यकृतातही याच जातीची विकरे याच क्रमाने चरबी बनवतात.

पहिले विकर वाढवले तर तेल वाढेल, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शैवाल-इंधनाचा मोठा कार्यक्रम राबवला. त्यात डायटम जातीच्या एका शैवालात या विकराचे जास्तीचे जनुक घातले गेले. विकराचे काम दुप्पट-तिप्पट झाले. तेल मात्र वाढले नाही. खडकवासल्याच्या कालव्याचे मुखाशी असलेले दार कितीही रुंद केले, तरी पुढच्या चाऱ्या तेवढ्याच राहिल्या तर इंदापूरच्या टोकाला पाणी वाढणार नाही, तसेच काहीसे. शिवाय पेशीत मेदाम्ले साचू लागली की तीच पहिल्या विकराला आवर घालतात.

दुसरा मार्ग उपासमारीचा. नायट्रोजन तोडला की पेशीला प्रथिने बनवता येत नाहीत, तिचे विभाजन थांबते. ऊन मात्र पडतच असते. मग येणारा कार्बन तेलात आणि स्टार्चमध्ये जातो. पेशी लठ्ठ होतात, पण वाढत नाहीत, त्यामुळे टाकीतून निघणारे एकूण तेल फारसे वाढत नाही.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी उलटा विचार केला. (डायटमचा अभ्यास पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही चालतो.) तेल बनवणाऱ्या विकरांना हात न लावता त्यांनी तेल मोडणारे एक विकर मंद केले. तेल साठत गेले आणि वाढही खुंटली नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतच दुसऱ्या एका शैवालात नियंत्रक जनुकाचा जोर कमी केल्यावर तेलात जाणारा कार्बन २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर गेला. त्या कामाला एक्सॉनमोबिल या तेल कंपनीचा पैसा होता. २०२३ मध्ये कंपनीने शैवालातून अंग काढून घेतले. उघड्या तळ्यात लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा-एक ग्रॅम शैवाल असते. ते गोळा करायचे, पाणी काढायचे, मग तेल वेगळे करायचे, आणि त्या खर्चाला खनिज तेलाशी टक्कर द्यायची. विकरे कितीही वळवली तरी हा हिशेब फारसा बदलत नाही.

यकृताबाबतही असाच अनुभव आला. जेवणानंतर इन्सुलिन पहिल्या विकराला चालना देते. उपाशीपोटी आणि व्यायामात ते मंदावते. फॅटी लिव्हरसाठी हे विकर अडवणारी औषधे रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा यकृतातली चरबी खरोखर घटली, पण रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढले. मग त्याच्या जोडीला डीजीएटी अडवणारे दुसरे औषध देऊन चाचण्या झाल्या, तेव्हा ही वाढ बरीच आटोक्यात आली.

इंधन म्हणून परवडत नसले, तरी शैवालाचे तेल बाजारात आहे. तान्ह्या बाळांसाठीच्या दूध पावडरीच्या डब्यावर ‘डीएचए’ असे लिहिलेले असते. ते ओमेगा-३ मेदाम्ल अनेकदा माशातून नव्हे, तर टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्मशैवालातून काढलेले असते. पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग विकले जात असल्याने तिथे ग्रॅमचा हिशेब जुळतो.