मोंढ्यातला दाणा, शिवारातली अळी

अन्न शोधताना पक्ष्याला सतत हिशेब करावा लागतो. अन्न कुठे आहे, ते मिळवायला किती श्रम पडतील आणि तोवर शिक्रा किंवा मांजर गाठणार तर नाही ना, हे पाहूनच तो उतरतो. परभणी जिल्ह्यात हा हिशेब शिवारात वेगळा पडतो आणि शहरात वेगळा.

शिवारातले अन्न विखुरलेले असते आणि ऋतूप्रमाणे बदलते. नांगरट सुरू झाली की उघड्या पडलेल्या अळ्या आणि किडे टिपायला गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल ट्रॅक्टरच्या मागोमाग येतात. हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हा याच पक्ष्यांना बसायला जागा व्हावी म्हणून शेतकरी पक्षीथांबे रोवतात. काही जण हरभऱ्यात अधूनमधून ज्वारीही पेरतात. ज्वारी दाण्यात आली की पोपट आणि भोरड्यांचे थवे उतरतात आणि पाखरे राखायला गोफण बाहेर निघते. भोरडी ही मध्य आशियाची पाहुणी. तिकडे विणीच्या काळात ती टोळांवर जगते. इथे धान्य, किडे, फळे आणि पळस-पांगऱ्याच्या फुलांतला मध यांवर हिवाळा काढते. गोदावरी, दुधना आणि येलदरीचे पाणी ओसरले की उघड्या गाळात शेकाटे आणि तुतवार चोची खुपसतात. हे सारे साधायचे तर पक्ष्याला दूरवर हिंडावे लागते आणि कोणत्या दिवसांत कुठे काय पिकते, हे ठाऊक असावे लागते.

शहरात अन्न ठरावीक जागी आणि बारमाही मिळते. मोंढ्यात पोती उतरताना सांडणारे धान्य पारव्यांना पुरते. हॉटेलांचे खरकटे केव्हा बाहेर पडते, याची वेळ कावळ्यांच्या लक्षात राहते. घारी मांसबाजाराभोवती घिरट्या घालतात. रात्री दिव्यांभोवती जमणाऱ्या किड्यांवर पिंगळा टपून बसतो, तर कोतवालही पहाटे आणि सांजेला त्याच उजेडात शिकार साधतो.

इथे कामी येतो धीटपणा. रानात अनोळखी वस्तूला बिचकणारा पक्षी सुरक्षित राहतो. शहरात मात्र ती उचकून पाहणाऱ्याला खाणे मिळते. इंग्लंडमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे उघडणारे वल्गुली पक्षी 1921 पासून नोंदले गेले. जपानमधील सेंदाई शहरात कावळे रस्त्यावर अक्रोड टाकतात आणि गाड्यांच्या चाकांखाली ते फुटू देतात.

शहरातले अन्न पोट भरते, पण ते बहुतेक पिष्टमय असते. वाढत्या पिल्लांना प्रथिने लागतात आणि खरा फरक तिथे पडतो. पारव्याच्या अन्नपिशवीत दुधासारखा पौष्टिक स्राव तयार होतो. पारवा पिल्लांना सुरुवातीला तोच भरवतो. त्यामुळे नुसत्या धान्यावरही त्याची वीण जवळजवळ वर्षभर चालते. चिमणीकडे ही सोय नाही. ती स्वतः दाणे खात असली, तरी पहिल्या दिवसांत पिल्लांना अळ्या आणि मऊ किडेच भरवावे लागतात. अंगणात फरशी आली आणि कुंपणाची झुडपे गेली की दाणे भरपूर असूनही पिल्ले उपाशी राहतात. अमेरिकेतही उपनगरातील कावळ्यांची पिल्ले ग्रामीण भागातील पिल्लांपेक्षा लहान भरल्याचे आढळले आहे.

अर्थात, शिवारही पूर्वीचे राहिलेले नाही. मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. त्याचा दाणा चिमणीच्या चोचीला मोठा पडतो. फवारणीने कीड मरते, तसे पिल्लांचे खाद्यही जाते. गिधाडांचा घात तर अन्नातूनच झाला: जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मृत गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, पण तोवर देशातील बहुतांश गिधाडे संपली होती.

म्हणूनच अनेक पक्षी शहर आणि शिवार दोन्ही वापरतात. साळुंक्या आणि पोपट रात्री शहरातल्या मोठ्या झाडांवर थांबतात आणि सकाळी शेतांकडे जातात. शहराला लागून असलेल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरासारख्या ठिकाणी झाडे आणि पिके जवळजवळ असल्याने त्यांची ही ये-जा सोपी होते. गच्चीवर टाकलेल्या मूठभर धान्याचा लाभ मुख्यतः पारव्यांना होतो. चिमणीसाठी देशी झुडपे, थोडी मोकळी माती आणि औषध न मारलेला कोपरा अधिक मोलाचा ठरतो, कारण तिच्या पिल्लांना लागणारी अळी तिथेच सापडते.