माथ्यापासून पायथ्यापर्यंत

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर खडी फुटली, पाझर तलाव खोदले गेले, नाल्यांवर बांध घातले गेले. त्या मजुरीवर माणसं जगली, तिचं मोल मोठंच. पण या कामांना गावात धनी नव्हता. बांध सरकारचा आणि त्यात साचलेला गाळ कोणाचाच नाही, अशी गत.

ही कोंडी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला फुटली. विलासराव साळुंखे हे मूळचे इंजिनिअर, उद्योजक. त्यांनी तिथे देवस्थानची 16 हेक्टर माळजमीन कसायला घेतली आणि उतारावरचं पाणी जागच्या जागी अडवून, मुरवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. मला तिचे बंधारे नाहीत, नियम थोर वाटतात. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क आणि उसाला साफ मनाई. आजही एखाद्या ग्रामसभेत हा ठराव मांडून बघा, किती हात वर होतात ते!

पुढे 1990 च्या दशकात हिवरे बाजार या गावाचं नाव गाजू लागलं. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गावची पुष्कळ माणसं पोटासाठी बाहेर होती, डोंगर बोडके होते. आदर्श गाव योजनेतून चर खोदले, झाडं लावली. पण त्याआधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावाने स्वतःवर लादून घेतली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हेही ठरलं. पाऊस सरला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलं त्यावर रब्बीची पिकं ठरवायची. पाऊस तोच, जेमतेम, उधळपट्टी थांबली.

2016 साली पानी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, 2018 पर्यंत 75 तालुक्यांत पोचली. कॅमेरे, नटनट्या, बक्षिसं यांवर नाकं मुरडणारे पुष्कळ होते. मला मात्र तिच्यातलं प्रशिक्षण महत्त्वाचं वाटतं. दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधलेली, नळीत पाणी. एक काठी जागेवर, दुसरी घेऊन उतारावर वर-खाली सरकायचं. दोन्हीकडचं पाणी एकाच खुणेवर आलं की तिथे फक्की टाकायची. अशा ठिपक्यांची रेघ म्हणजे समतल रेषा, तिच्यावरच चर खोदायचा आणि माती खालच्या अंगाला टाकायची. चर जरा तिरका गेला तर पाणी मुरत नाही, एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. जी गोष्ट ओव्हरसियरच्या वहीत कोंडलेली होती, ती अशी कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्याही हाती आली.

स्पर्धेच्या उन्हाळ्यांत खोदलेले कितीतरी चर आज गाळाने भरलेत. त्यात नवल काही नाही. चर भरायचेच, ते पुन्हा काढावे लागतात. खरी अडचण पुढची आहे. विहिरीला पाणी वाढलं की पहिल्याच वर्षी ऊस येतो, मग बोअर, मग शेजाऱ्याचा त्याहून खोल बोअर. पाणी अडवायला सगळं गाव एका रांगेत उभं राहतं, वापरायची वेळ आली की जो तो आपल्या बांधावर. नायगाव आणि हिवरे बाजार टिकले ते पाणी वापरण्याच्या नियमांवर.

तेव्हा यंदा पाऊस उघडल्यावर तुमच्या गावच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपला ताळेबंद कुठे आहे?