मोटार : मालकीची की भाड्याची?

पुण्यात एके काळी पेठापेठांतून सायकलींची दुकाने असत आणि तासाच्या हिशेबाने सायकल भाड्याने मिळे. तासाभराच्या कामासाठी लागणारे वाहन तासाभरापुरते घ्यावे आणि काम झाल्यावर परत करावे, यात कोणास कमीपणा वाटत नसे. मोटारीच्या बाबतीत मात्र मध्यमवर्गीय मनाची धारणा निराळी राहिली. मोटार म्हणजे दाराशी उभी असलेली, स्वतःच्या नावावरची मोटार, हीच कल्पना रूढ झाली. या धारणेला इतिहासाचेही कारण आहे. १९५७ पासून उत्तरपाड्यास तयार होणारी अ‍ॅम्बॅसेडर किंवा मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट घ्यावयाची, तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढे १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने कारखाने वाढले, कर्जे सुलभ झाली आणि ती प्रतीक्षा संपली. जी वस्तू मिळणेच दुर्लभ होते, ती मिळाली की कायमची आपली करावी, असे वाटणे स्वाभाविक होते. आता वस्तू दुर्लभ राहिलेली नाही. म्हणूनच एक नवा प्रश्न गृहस्थापुढे उभा आहे : मोटार विकत घ्यावी की काही वर्षांच्या करारावर भाड्याने घ्यावी?

हा प्रश्न निघताच एक ठरावीक उत्तर ऐकू येते. ‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, त्यापेक्षा हप्ते भरावेत, शेवटी वस्तू तरी आपली होते.’ हे उत्तर घराच्या अनुभवावरून आलेले आहे आणि घराच्या बाबतीत त्यात पुष्कळ तथ्यही आहे. घराखाली जमीन असते आणि जमिनीची किंमत बहुधा वाढत जाते. मोटारीखाली जमीन नसते. ती दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून जुनी होऊ लागते. सबब घराचा न्याय मोटारीस लावणे ही या विषयातील पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक होय.

मोटारीची किंमत ज्या वेगाने उतरते, तिला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. या घसाऱ्याचे एक सर्वमान्य कोष्टक विम्याच्या कागदपत्रांत सापडते. गाडी चोरीस गेली किंवा पूर्णपणे नष्ट झाली, तर विमा कंपनी किती रक्कम देईल, हे ठरविताना उत्पादकाने जाहीर केलेल्या किमतीतून वयोमानाप्रमाणे वजावट केली जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के, चौथ्यात ४० टक्के आणि पाचव्यात ५० टक्के, असा हा क्रम आहे. बाजारभाव याच प्रमाणात उतरेल असे नाही. काही गाड्यांचा भाव अधिक टिकतो, काहींचा लवकर कोसळतो. परंतु पाच वर्षांत निम्मी किंमत वितळून जाते, हे सूत्र ध्यानात ठेवण्यास पुरेसे आहे. भाडेकरू दरमहा भाडे देतो, ते त्याला दिसते. मालक दरमहा घसारा देतो, तो त्याला दिसत नाही; गाडी विकण्याच्या दिवशी एकदम दिसतो.

हिशेबाकडे वळण्यापूर्वी कराराचे प्रकार नीट वेगळे केले पाहिजेत, कारण नावे सारखी वाटली तरी हक्क सारखे नसतात. पहिला प्रकार कर्जाचा. यात मोटार पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याच्या मालकीची असते. बँकेकडे ती नजरगहाण असते, इतकेच. दुसरा प्रकार भाडेखरेदीचा. यात हप्ते फिटेपर्यंत मालकी पैसे पुरविणाऱ्याची. घेणारा तोवर भाडेकरू आणि शेवटच्या हप्त्यानंतर, त्याची इच्छा असल्यास, मालक. तिसरा प्रकार निव्वळ भाडेपट्ट्याचा. यात मालकी कंपनीकडेच राहते आणि मुदत संपताच गाडी परत जाते.

भाडेखरेदीचे स्वरूप स्पष्ट करणारा एक प्रसिद्ध निवाडा ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८९५ मध्ये दिला. एका गृहस्थाने ३६ मासिक हप्त्यांच्या करारावर पियानो आणला आणि काही हप्ते भरून तो एका सावकाराकडे गहाण टाकला. पियानो कोणाचा, असा वाद निघाला. न्यायाधीशांनी असे ठरविले की, ज्याला वस्तू केव्हाही परत करण्याची मोकळीक आहे, त्याने ती विकत घेण्याचे कबूल केले आहे असे म्हणता येत नाही. म्हणून पियानो मूळ मालकाचाच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, सुंदरम् फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात, याच्या पुढचे पाऊल टाकले. कागदाच्या माथ्यावर भाडेखरेदी असे लिहिले असले, तरी व्यवहाराचे खरे रूप कर्जाचे आहे काय, हे पाहिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. संसदेने १९७२ मध्ये भाडेखरेदीचा स्वतंत्र कायदा संमत केला. परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्दही झाला. आज मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५१ व्या कलमान्वये या तिन्ही प्रकारांची नोंद गाडीच्या नोंदणीपत्रात होते. सामान्य माणसाने यातून एवढाच बोध घ्यावा की, सही करण्यापूर्वी कराराचे नाव न वाचता त्यातील अटी वाचाव्यात. कर्ज फेडल्यावर नोंदणीपत्रातील बँकेचे नाव कमी करून घेण्यास विसरू नये. ते राहिले, तर गाडी विकताना अडचण होते.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, एका गाडीची सर्व करांसह किंमत ८ लाख रुपये आहे. गृहस्थ पदरचे २ लाख घालतो आणि ६ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर काढतो. मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये पडतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे १ लाख ४७ हजार जातात. पदरच्या २ लाखांवर ६ टक्के सरळ व्याज मिळाले असते असे धरल्यास ६० हजार बुडाले. विमा, टायर, दुरुस्ती यांसाठी २ लाख धरू. पाच वर्षांनी गाडी ३ लाख २० हजारांना विकली, तर घसारा ४ लाख ८० हजारांचा झाला. एकूण खर्च ८ लाख ८७ हजार. म्हणजे महिन्याला १५ हजारांहून थोडा कमी. पेट्रोल दोन्ही पक्षी सारखेच लागते, म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवले आहे.

तीच गाडी विमा व देखभालीसह मासिक १८ हजार रुपये भाड्याने मिळत आहे असे मानू. पाच वर्षांत १० लाख ८० हजार होतील. मालकी सुमारे १ लाख ९३ हजारांनी स्वस्त पडली.

परंतु हाच गृहस्थ दोनच वर्षांनी गाडी विकावयास निघाला तर? गाडीला ५ लाख ५० हजार आले असे धरल्यास घसारा अडीच लाख. पहिल्या दोन वर्षांचे कर्जावरील व्याज सुमारे ९० हजार, कारण आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग नंतरच्या हप्त्यांपेक्षा मोठा असतो. पदरच्या पैशाचे बुडालेले व्याज २४ हजार आणि विमा-देखभाल ७० हजार. बेरीज ४ लाख ३४ हजार. दोन वर्षांचे भाडे ४ लाख ३२ हजार. म्हणजे दोन वर्षांशी पारडी समसमान झाली. त्याहून कमी काळासाठी भाडे सरस आणि जसजशी वर्षे वाढतील तसतशी मालकी सरस. गाडी आठ-दहा वर्षे वापरणाऱ्यास हप्ते फिटल्यानंतरची वर्षे पुष्कळच स्वस्त जातात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

व्याजाचा दर विचारताना एका शब्दाविषयी सावध असावे. वर धरलेले ९ टक्के हे घटत्या शिलकीवरचे आहेत. विक्रेत्याने ‘सरळ दर’ सांगितला, तर व्याज फेडून झालेल्या रकमेवरही चालूच राहते. ६ लाखांवर ९ टक्के सरळ दराने पाच वर्षांचे व्याज २ लाख ७० हजार होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. टक्का तोच, पण खिशाला बसणारा फटका निराळा.

भाडेपट्ट्याच्या अटीही तितक्याच बारकाईने वाचाव्या लागतात. वर्षाकाठी किती किलोमीटर धावावयाचे याची मर्यादा असते आणि तीवरील प्रत्येक किलोमीटरला जादा आकार पडतो. मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास भरपाई द्यावी लागते. परत करताना ओरखडे आणि पोचे मोजले जातात. मासिक भाड्यात काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हे लेखी असावे. मात्र भाडेकरूला एक लाभ निश्चित मिळतो : किंमत घसरण्याचा धोका त्याच्या शिरावर नसतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. तो तोटा मालकाचा, भाडेकरूचा नव्हे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर बॅटरी किती वर्षे टिकेल, ही शंका पुष्कळांना असते. २०२४ पासून गाडी विकत आणि बॅटरी भाड्याने अशीही योजना भारतात सुरू झाली, तिचे मर्म हेच आहे.

बदलीची नोकरी असलेल्या कुटुंबाला आणखी एक बाब पाहावी लागते. नागपूरहून भोपाळला, तेथून हैदराबादला, असा ज्याचा प्रवास आहे, त्याच्या मोटारीलाही राज्याच्या सीमा असतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून कराच्या परताव्याची खटपट, हे सारे ओघाने आले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बीएच’ क्रमांकमालिकेने हा त्रास हलका केला आहे. केंद्र व राज्य शासनांचे कर्मचारी, संरक्षण दलातील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांतील नोकर यांना ती घेता येते. कर दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो. ज्यांना ही सोय मिळते, त्यांनी केवळ बदलीच्या भयाने मालकी नाकारण्याचे कारण नाही. ज्यांना ती मिळत नाही आणि ज्यांचा मुक्काम दोन वर्षांचाच आहे, त्यांनी भाडेपट्ट्याचा विचार अवश्य करावा.

हा प्रश्न पांढरपेशा कुटुंबांचाच आहे असे मात्र नाही. मुंबईतील कित्येक टॅक्सीचालकांनी दुसऱ्याची गाडी पाळीने चालवून, मालकाला दररोज ठरलेली रक्कम देऊन आयुष्य काढले. ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी, त्या दिवशीही मालकाची रक्कम चुकत नसे. ज्याचे चाक रोज फिरते आणि ज्याची चूल त्या चाकावर पेटते, त्याच्यासाठी भाडे ही सोय नसून कायमची गळती असते. अशाने माफक व्याजाचे कर्ज मिळवून गाडी आपली करण्यातच हित आहे. उलट, आठवड्यातून एकदा मंडईत आणि वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने मालकी व दीर्घ भाडेपट्टा हे दोन्ही बाजूस ठेवून, गरजेच्या दिवशी टॅक्सी करण्याचा हिशेबही मांडून पाहावा. तोच बहुधा सर्वांत स्वस्त निघतो.

तेव्हा सही करण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे घरातल्या सर्वांनी मिळून कागदावर लिहावीत. गाडी किती वर्षे ठेवावयाची? वर्षाला किती किलोमीटर चालवावयाची? आणि मधेच नोकरी गेली, बदली झाली किंवा घरात आजारपण आले, तर या करारातून बाहेर पडण्यास किती पैसे लागतील? पहिल्या दोन प्रश्नांनी स्वस्त काय ते कळते. तिसऱ्याने झेपेल काय ते कळते. घराच्या खालोखाल ज्या वस्तूवर संसाराची बचत खर्ची पडते, तिच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत थांबण्यात काहीच नुकसान नाही.