काट्यामागचा आकडा : खान्देशच्या उन्हात गाडीचे तापमान मोजताना

दरवर्षी मे महिना आला की जळगाव, भुसावळ, चोपडा भागातल्या मोबाइलवर एक छायाचित्र फिरू लागते. मोटारीच्या डॅशबोर्डवर ४९ किंवा ५० असा आकडा चमकत असतो आणि खाली ओळ असते, 'खरे तापमान हे, वेधशाळा कमी सांगते.' उन्हाचा चटका खरा असल्यामुळे या ओळीवर पटकन विश्वास बसतो. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेमुळे जळगाव जिल्हा प्रशासनाला प्रतिबंधात्मक आदेश काढावे लागले होते. अशा प्रदेशात तापमानाचा आकडा कुठून येतो, हे नीट समजून घेतलेले बरे.

मोटारीबाहेरची हवा मोजणारा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरच्या मागे बसवलेला असतो. तो रस्त्यापासून हात-दीड हात उंचीवर असतो. खाली तापलेले डांबर, मागे तापलेले इंजिन आणि गाडी उभी असल्यास वाराही नाही. वेधशाळेचा तापमापक मात्र मोकळ्या जागेत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत सावलीला असतो. गाडी दहा-पंधरा मिनिटे वेगात पळवली, की डॅशबोर्डवरचा आकडाही खाली येऊ लागतो. म्हणजे दोन्ही यंत्रे आपापल्या जागी खरे बोलतात. एक हवेबद्दल बोलते आणि दुसरे बंपरमागच्या पोकळीबद्दल.

याच डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचाही एक काटा असतो. त्याची गोष्ट उलट आहे. तो पुष्कळदा जे घडते आहे तेच सांगत नाही.

पूर्वीचे मापक भाबडे होते. १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचे उपकरण रेडिएटरच्या झाकणावर बसवत. तो साधा तापमापक होता आणि चालक काचेतून त्याच्याकडे पाहत असे. पुढे फ्रान्सच्या यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये दाबासाठी शोधलेली वाकडी नळी तापमानासाठीही उपयोगी पडली. इंजिनातल्या छोट्या कुपीतला द्रव तापला की दाब वाढतो, बारीक नळीतून तो डॅशबोर्डपर्यंत पोचतो आणि काटा सरकतो. अशा काट्याला लपवाछपवी जमत नाही. पाणी पाच अंशांनी तापले, की काटा तेवढा हलतो.

आताच्या गाड्यांत काट्याला हुकूम संगणक देतो. कित्येक गाड्यांत पाण्याचे तापमान वीस-पंचवीस अंशांनी खालीवर झाले, तरी काटा मधोमध स्थिर राहील अशी योजना असते. काटा जरा हलला की ग्राहक घाबरतो, हे त्यामागचे कारण. काटा मध्यावरून हलला तर समजावे की वेळ थोडा उरला आहे. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त लाल दिवा असतो.

खान्देशात हा वेळ आणखी कमी पडतो, आणि त्याचे गणित सोपे आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० वर असेल, तर फरक ६०. हवा ४५ झाली की फरक ४५ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग. पण पाणी त्याच ९० वर ठेवायचे तर उष्णता टाकण्याची क्षमता एक चतुर्थांशाने घटली. त्यात अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीने भरलेली गाडी, किंवा सत्रासेनच्या बाजूने सातपुड्याचा चढ. इंजिनाचे काम वाढते आणि वेग कमी झाल्याने वाराही कमी मिळतो. हेड गॅस्केट उडाले, की दुरुस्तीचा खर्च हजारोंत जातो आणि गाडीतला माल उन्हात राहतो.

म्हणून स्वतःचे मापक करून बसवण्यात हौसेपलीकडचा उपयोग आहे. त्याचा गाभा म्हणजे थर्मिस्टर, ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. या मण्याचा मात्र घटतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये नोंदवला होता. बाजारात सहज मिळणारा थर्मिस्टर २५ अंशांना १०,००० ओहम रोध दाखवतो. नेहमीच्या जातीचा असेल तर ४५ अंशांना तो सुमारे ४,३५० वर, ९० ला सुमारे ९३० वर आणि १०० ला सुमारे ७०० वर येतो.

हा रोध आर्डुइनोसारख्या छोट्या संगणकाला थेट कळत नाही. त्याला व्होल्टेज कळते. म्हणून थर्मिस्टरच्या जोडीला एक ठरावीक रोधक लावून ५ व्होल्टची दोघांत वाटणी करतात. थर्मिस्टरच्या वाट्याचे व्होल्टेज संगणक ० ते १०२३ या पायऱ्यांत वाचतो. येथे जोडीदाराची निवड महत्त्वाची. बहुतेक तयार आकृत्यांत १०,००० ओहमचा रोधक असतो. खोलीच्या तापमानाला तो उत्तम, पण इंजिनाच्या कामाचा नाही. त्याने ९० ते १०० अंशांच्या दरम्यान जेमतेम २० पायऱ्या मिळतात. त्याऐवजी १,००० ओहमचा लावला, तर ९० अंशांना सुमारे ४९४ आणि १०० ला सुमारे ४२१ वाचन येते, म्हणजे दहा अंशांत ७३ पायऱ्या. जिथे धोका आहे, तिथेच नजर बारीक व्हायला हवी.

ज्यांना हे गणित नको, त्यांच्यासाठी डीएस१८बी२० हा तयार अंकीय सेन्सर आहे. तो थेट अंशांत उत्तर देतो, परंतु त्याची मर्यादा १२५ अंशांची आणि पूर्ण बारकाव्याने एक वाचन घ्यायला त्याला पाऊण सेकंद लागतो. हवा आणि केबिनसाठी तो छान. इंजिनाच्या डोक्याशी थर्मिस्टर बरा.

मापक बनवले म्हणजे ते खरे बोलेल असे नाही. त्याची साक्ष तपासावी लागते. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी ढवळून त्यात सेन्सर धरला, की शून्य मिळते. दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा. पण पाणी सगळीकडे १०० ला उकळत नाही. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक अंश कमी होतो. चोपडा समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, म्हणून येथे ९९.३ च्या आसपास धरावे. महाबळेश्वरला कुणी तेच मापक तपासू लागला आणि १०० धरून बसला, तर चार-साडेचार अंशांची चूक त्यात कायमची मुरेल.

गाडीत बसवताना तीन पथ्ये पाळावीत. '१२ व्होल्ट' ही नावापुरती गोष्ट आहे. इंजिन चालू असताना ती १४ च्या वर जाते आणि मधूनच मोठे झटके येतात. म्हणून फ्यूज आणि गाडीसाठी योग्य असे व्होल्टेज उतरवणारे सर्किट हवेच. दुसरे, कंपनीच्या सेन्सरच्या तारेवर आपली तार जोडू नये. तसे केल्याने गाडीच्या संगणकाला चुकीचे तापमान दिसते आणि तो इंधनाचे प्रमाण बिघडवतो. तिसरे, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी १०० च्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते.

नव्या गाड्यांत तर तारही नको. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून गाडीचा संगणक खरा आकडा द्यायला तयार असतो. तो ० ते २५५ मधली एक संख्या देतो. तिच्यातून ४० वजा केले की अंश मिळतात. १३० आले तर ९०. काट्याने दडवलेली गोष्ट याच गाडीने दुसऱ्या दाराने उघड सांगावी, ही गंमतच.

एक धोका मात्र घरगुती आणि कंपनीच्या, दोन्ही मापकांना सारखाच. नळी फुटून पाणी वाहून गेले, तर पाण्यातला सेन्सर उघडा पडतो. कोरड्या पोकळीचे तापमान पाण्यापेक्षा कमी दिसू शकते. इंजिन जळत असताना आकडा उतरतो आणि चालक निर्धास्त होतो. यावर उपाय म्हणजे दुसरा सेन्सर सिलिंडर हेडच्या धातूला घट्ट बसवणे. पाण्याचा आकडा खाली आणि धातूचा वर जाऊ लागला, की गाडी तत्काळ थांबवावी. मिनिटाला किती अंश वाढले, यावरही भोंगा लावावा. मर्यादा ओलांडण्याआधी तो वाजतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आहे. मापकाने तिचाही हिशेब मांडता येतो. थर्मोस्टॅटशिवाय हिवाळ्याच्या सकाळी पाणी ८० वर पोचायला फार वेळ लागतो, इंधन जास्त जळते. उन्हाळ्यात मात्र अडलेला रेडिएटर अडलेलाच राहतो. मूळ दुखणे त्याची जाळी साफ केल्यावरच जाते.

इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मूळ कागद पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा त्यांचा आग्रह होता. डॅशबोर्डवरचा काटा हा मूळ कागद नव्हे. ती कुणीतरी आपल्या सोयीसाठी केलेली संपादित प्रत आहे. बंपरमागचा ५० चा आकडा अस्सल आहे, पण त्याचा विषय वेगळा. दोन्हींचे मूळ पाहता येते, आणि त्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. काही शे रुपयांचे सुटे भाग, बर्फाची वाटी, उकळत्या पाण्याचे पातेले आणि सेन्सर कुठे बसला आहे हे विचारण्याची सवय एवढे पुरते. उन्हात केळी घेऊन निघालेल्या चालकाला तेवढ्याने दहा मिनिटे आधी कळते, आणि इंजिन वाचवायला ती दहा मिनिटे बहुतेक वेळा पुरतात.