देव पानावर, आणि पान हातात

पत्त्यावर पुराणातला देव काढला की पत्ता कलात्मक झाला, असा समज सर्रास दिसतो. मला तो पटत नाही. पान हातात धरायचं असतं, तेही इतर पानांच्या आड अर्धंमुर्धं झाकून. तसं धरूनही ते कोणत्या रंगाचं आणि केवढं, हे एका नजरेत कळलं नाही, तर चित्र कितीही देखणं असो, पत्ता म्हणून ते फसलं. यवतमाळात रमीचा फड बसतो तेव्हा हे काम पानाच्या कोपऱ्यातला बारीक आकडा करतो. सावंतवाडीच्या गंजिफ्याचं, म्हणजे तिथल्या हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं, पान मात्र गोल असतं, त्याला कोपराच नाही. म्हणून इथे चित्राची जमीनच बोलते. दशावतारी संच 120 पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. प्रत्येक अवताराची जमीन वेगळी, त्यामुळे नुसती कड डोकावली तरी ओळख पटते. राजाच्या पानावर खुद्द अवतार असतो. साध्या पानांवर मत्स्याचे मासे, परशुरामाचे परशू, वामनाचे कमंडलू मोजून घ्यायचे. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, पांढरा लेप देऊन दगडाने घोटायचं, मग कुंचला आणि शेवटी लाखेचा हात. पाठ मात्र एकरंगी ठेवायची. हा आळस नव्हे. हाताने काढलेली नक्षी 120 पाठींवर हुबेहूब उतरणं अशक्य, आणि जरा फरक पडला की पान उघडं पडलं.

पत्त्यांचा उगम बहुतेक अभ्यासक चीनमध्ये मानतात, आणि तिथेही हीच शिस्त दिसते. सतराव्या शतकात छन होंगशौ या चित्रकाराने ‘शुइहू झुआन’ कादंबरीतले चाळीस बंडखोर पत्त्यांवर काढले. त्या पत्त्यांची किंमत नाण्यांत मोजली जाई, आणि सर्वांत मोठी रक्कम म्होरक्या सोंग ज्यांगच्या वाट्याला आली. वीराचा मान आणि पानाचं बळ एकमेकांना धरून राहिले; कथा शोभेपुरती चिकटवलेली नव्हती.

यावर कुणी म्हणेल, गंजिफा आता खेळतो कोण? लोक तो भेट द्यायला, काचेच्या कपाटात ठेवायला घेतात. मग चित्र तेवढं सुरेख असलं की झालं. गिऱ्हाइकाचं हे म्हणणं मी हलकं मानत नाही. 1970 च्या सुमारास ही कला जाणणारे वृद्ध पुंडलिक चितारी जवळपास एकटेच उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं नसतं, तर आज वाद घालायलाही संच उरला नसता. विक्रीनेच हात चालते राहिले. पण खेळ विसरला की चित्रातला अर्थही गळतो. निम्म्या अवतारांत दश्शी बलवान, निम्म्यांत क्रम उलटा: प्रधानाखालोखाल एक्का, दश्शी सर्वांत दुबळी. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडतो, रात्री कृष्णाच्या. हे ठाऊक नसलेल्याला दहा राजे सारखेच वाटतील, आणि चितारणाऱ्यालाही माशांची संख्या हळूहळू सजावटच वाटू लागेल. त्यामुळे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेटीत मराठीत नियमांचा कागद असावा, आणि चितारायला शिकणाऱ्याने आधी काही डाव खेळावेत, हा माझा आग्रह आहे.